जाड रेघ, बारीक रेघ

समन्स आलं तेव्हा मी मेथी निवडत होते.
"इथं सही करा, बाई," बेलिफ म्हणाला.
हाताला माती होती, कागदाला लागली.
त्यानं ती फुंकर मारून उडवली.

एकोणतीस वर्षं विधानमंडळात प्रतिवेदक.
मिनिटाला एकशे वीस शब्द.
दर दहा मिनिटांनी दुसरी येऊन बसायची
आणि मी अर्धं वाक्य तिच्या हवाली करून उठायचे.
कित्येक भांडणांचा शेवट मला कधी कळलाच नाही.

पण ती समिती दौऱ्यावर आली होती, पुण्यात,
आणि सोबत मी एकटीच.
कौन्सिल हॉल, लांब टेबल, काजूची बशी.
विषय : हडपसरच्या शीतगृहातली वायुगळती, मयत चार.
मॅनेजरला विचारलं, झडप गळते हे माहीत होतं?
तो दोनच शब्द बोलला. मी लिहिले.
कुठले, ते इथंही लिहीत नाही.

लघुलिपीत प आणि ब यांची रेघ एकच.
प बारीक, ब जाड.
फरक फक्त दाबाचा.
नव्या मुलींना मी सांगायचे :
पेन्सिल दाबा, पण कागद फाटू देऊ नका.

शिवाजीनगर कोर्ट, जेवणाच्या सुट्टीनंतर.
"इंदुमती ढोबळे, हाजिर होऽऽ"
खरं सांगेन, खोटं सांगणार नाही.
"त्या दिवशी तुम्ही तिथं हजर होता?"
होते.
"टिपणाखालची ही सही तुमची?"
माझीच.
"मग सांगा, आरोपी तेव्हा काय म्हणाले?"

मी पर्समधून पत्र काढून दिलं.
उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की
अनुज्ञा केवळ कागद ओळखण्यापुरती,
समितीसमोर काय घडले यावर साक्ष देता येणार नाही,
सभागृहाचा विशेषाधिकार, वगैरे.
मसुदा ओळखीचा होता.
असली दोन-तीन पत्रं मीच कधीकाळी
चहा पिता पिता टंकून दिली होती.

न्यायाधीशांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला.
"तुम्हाला उत्तर द्यायची गरज नाही."
कोपऱ्यातल्या स्टेनोनं तेही टाइप केलं.
लहान पोरगी, मान खाली.
मी तिच्या बोटांकडेच बघत राहिले,
कारण मागच्या बाकावर बशीर मुलाणी होते.
पोरगा गेला तेव्हा बावीसचा.
रागानं बघत असते तर बरं झालं असतं.
डबा मांडीवर धरून बसले होते,
अजून आपला नंबर यायचाय असे.

त्या पत्राचा मला राग यायला हवा होता.
पण त्याच टेबलाशी, मॅनेजर उठून गेल्यावर,
सोपान येनपुरे येऊन बसला, रात्रपाळीचा वॉचमन.
खुर्चीच्या कडेवर, टोपी हातात.
"साहेब, हे बाहेर जाणार नाही ना?"
समिती प्रमुख म्हणाले, नाही जाणार.
मग तो बोलला. सव्वा तास. पाणीसुद्धा घेतलं नाही.
माझ्या दोन पेन्सिली संपल्या.
त्याची नोकरी अजून आहे, पोरीचं लग्न झालं.
हेही खरं तर मी सांगायला नको होतं.
एकाच कुलपाआड बसलेत दोघं,
आणि कुलूप बिचारं माणूस बघत नाही.

जिना उतरताना मुलाणींनी मला वाट दिली.
"सावकाश, ताई," म्हणाले.
एवढंच.

मनपाच्या स्टॉपवर बसले, बघते तर
उजव्या हाताचं बोट पर्सवर
एकच आकृती गिरवतंय, पुन्हा पुन्हा.
ती वही नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट झाली.
बोटाला कुणी परिपत्रक पाठवलं नव्हतं.

शेजारच्या बाईनं विचारलं,
"मुंग्या आल्यात का हो हाताला?"
म्हटलं, हो.
आता काही मी शपथेवर नव्हते.